पेटी-तबल्याचे दुकान आणि गुगलवरचे गिऱ्हाईक

बडोद्यात दांडिया बाजाराच्या एका गल्लीत माझ्या मावसभावाचे पेटी आणि तबला दुरुस्तीचे दुकान आहे. वाद्यांचे सगळे तो पाहतो, वेबसाइट आणि जाहिरातींचे काम माझ्याकडे असते. हे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. लहान दुकानाने गुगलवर जाहिरात द्यावी ती गिऱ्हाईक नेमके काय विचारते हे समजून घेण्यासाठी. ते समजले, की त्याची उत्तरे वेबसाइटवर नीट लिहून काढावीत आणि जाहिरातीचा खर्च हळूहळू आटोक्यात आणावा.

हे समजण्याची जागा म्हणजे गुगल ॲड्सच्या खात्यातला ‘सर्च टर्म्स’ हा अहवाल. जाहिरात आपण ‘हार्मोनियम रिपेअर’ या शब्दांवर लावलेली असते. पण मूळ सेटिंग ‘ब्रॉड मॅच’चे असल्याने गुगल आपल्या समजुतीप्रमाणे जवळपासच्या कितीतरी शोधांवर ती दाखवत राहते. आमच्या अहवालात ‘हार्मोनियम ॲप डाऊनलोड’, ‘भजनाचे नोटेशन’, ‘ऑनलाइन तबला शिका’ अशी रांग लागली होती, आणि यातल्या प्रत्येक क्लिकचे पैसे दुकानाच्या गल्ल्यातून जात होते. ‘ॲप’, ‘डाऊनलोड’, ‘नोटेशन’, ‘क्लास’ हे शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’ म्हणून, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवू नये असे शब्द म्हणून, नोंदवले आणि मॅच ‘फ्रेज’वर, म्हणजे आपल्या शब्दांच्या अर्थाशी जवळून जुळणाऱ्या शोधांपुरता, आणला, तेव्हा खाली दडलेले खरे प्रश्न वर आले: तबल्याची पुडी (वरचे चामडे) बदलायला किती खर्च येतो, पेटीचा एकच सूर का वाजत नाही, भात्यातून हवा सुटते त्याला काय करावे, घरी येऊन दुरुस्ती होते का. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल या अहवालात दाखवत नाही, तरीही जे दिसते तेवढे दुकानदाराला पुरेसे असते.

या प्रत्येक प्रश्नाला आम्ही वेबसाइटवर स्वतंत्र पान दिले. पुडीच्या पानावर पुडी कधी बदलावी लागते, शाई (पुडीवरचा काळा गोल) उडाली म्हणजे काय होते, काम व्हायला किती वेळ लागतो, डग्ग्याचा दर वेगळा का, हे साध्या भाषेत लिहिले आणि दरही छापले. दर छापू नयेत असे भावाचे म्हणणे होते. पण दर विचारून फोन ठेवून देणाऱ्यांपेक्षा दर वाचून वाद्य घेऊन येणारा माणूस दुकानाच्या जास्त कामाचा असतो. पूर्वी हाच मजकूर फोटोंवर सुबक अक्षरांत छापलेला होता. तो सर्च इंजिनला भरवशाने वाचता येत नाही, म्हणून साधा मजकूर म्हणूनच घातला. जड फोटो हलके केले, कारण पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गुगलची अपेक्षा आहे आणि आमची बहुतेक गिऱ्हाइके मोबाइलवरूनच येतात. शहराचे अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा असले तरी शोधणारे बरोडाही लिहितात, तेव्हा पानांवर दोन्ही नावे सहज येतील एवढे पाहिले.

पानाचा उपयोग जाहिरातीलाही होतो. कोणती जाहिरात वर दिसावी हे केवळ बोलीवर, म्हणजे एका क्लिकसाठी आपण किती पैसे द्यायला तयार आहोत यावर, ठरत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते आणि क्लिक केल्यावर उघडणारे पान किती उपयोगी आहे, हेही मोजले जाते. त्यामुळे पुडीची जाहिरात मुखपृष्ठाकडे न नेता पुडीच्या पानाकडे न्यावी.

स्थानाचे सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदलावे. मुळात जाहिरात त्या शहरात असलेल्या आणि त्या शहराविषयी कुतूहल असलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना दाखवली जाते. न्यू जर्सीत बसून बडोद्याची आठवण काढणाऱ्या माणसाविषयी मला आदर आहे, पण तो भाता दुरुस्त करायला दांडिया बाजारात येणार नाही.

गुगल मॅप्सवरची नोंद फुकट आहे आणि लहान दुकानासाठी माझ्या मते जाहिरातीपेक्षाही महत्त्वाची आहे. शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाचा लौकिक या तीन गोष्टींवर तिथला क्रम ठरतो. अंतर आपल्या हातात नाही. गोत्री किंवा मांजलपूरच्या माणसाला जवळचे दुकान आधी दिसणारच. बाकीचे दोन हातात आहेत. दुकानाचे नाव पाटीवर आहे तेच ठेवावे, त्यात ‘बेस्ट तबला रिपेअर’ असली शेपटे जोडू नयेत, कारण ते नियमात बसत नाही. वाद्य परत देताना गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायची विनंती जरूर करावी, पण त्या बदल्यात सवलत देऊ नये, कारण तीही नियमाबाहेर आहे.

खर्चाचे दोन बारकावे आधी कळलेले बरे. दिवसाचे बजेट ठरवले तरी एखाद्या दिवशी गुगल त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते. महिन्याचा एकूण हिशेब मात्र दिवसाच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या आत बसवला जातो. शिवाय जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि दुकानाची जीएसटी नोंदणी नसेल तर त्याचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. आम्ही वर्षभर एकसारखी जाहिरात देत नाही. गणपतीच्या आधी भजनी मंडळे जागी होतात, नवरात्राच्या आधी गरब्याचे ढोलकवाले येतात, आणि पावसाळी हवेने चामडे सैल पडलेले असते. तेव्हा बजेट वाढवतो. एरवी इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेचे विद्यार्थी येतच असतात. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेची ती आजची शाखा, आणि तिथल्या मुलांना दुकान तोंडी माहीत असते.

वेबसाइट गुगलवर वर आणून देऊ म्हणणाऱ्या एजन्सींविषयी थोडे लिहिणे भाग आहे. एका एजन्सीने ‘तीस दिवसांत पहिला नंबर’ असे लेखी देऊन पानांच्या आत कीवर्डचे मेटा टॅग (वाचकाला न दिसणारे शोधशब्द) भरण्याचे पैसे लावले होते; ते टॅग शोधातल्या क्रमासाठी वापरत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असेही गुगल स्वतः सांगते, आणि चांगल्या कामाचा परिणाम दिसायला सहसा चार महिने ते एक वर्ष लागते. एजन्सी नेमायचीच असेल, तर डोमेन (वेबसाइटचा पत्ता), ॲड्सचे खाते, सर्च कन्सोल (आपली वेबसाइट शोधात कशी दिसते हे सांगणारे गुगलचे साधन) आणि मॅप्सवरची नोंद, ही चारही दुकानदाराच्या स्वतःच्या ईमेलवर असावीत आणि एजन्सीला त्यात केवळ प्रवेश द्यावा; म्हणजे उद्या तिला काढले तरी अभिप्राय, जुने आकडे आणि पत्ता दुकानाकडेच राहतो.