कॉफी ठरते ती फिल्टरच्या आधीच

मराठी घरांत कॉफी म्हणजे बहुधा साखर घालून उकळलेल्या दुधात इन्स्टंट पूड आणि वर किसलेले जायफळ. पाहुण्याने चहा नको म्हटले की ‘मग कॉफी टाकते’ असे म्हणून जी केली जाते, ती हीच. मला ती आजही आवडते. मात्र तिच्यात कॉफीची चव शोधायला गेले, तर हाती बरेचसे जायफळच लागते. बिया आणून घरी दळायच्या, असे ठरवले तेव्हा पहिला गोंधळ उडाला तो उपकरणांचा. फ्रेंच प्रेस, मोका पॉट, एरोप्रेस, कागदी गाळणीचे शंकू असे सगळे पाहून झाल्यावर मी स्टीलचा साधा दाक्षिणात्य फिल्टर (एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे) घेतला आणि त्यावर अजूनही समाधानी आहे, कारण कॉफीची बरीचशी चव फिल्टरमध्ये पाणी ओतण्याआधीच ठरलेली असते, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

बिया घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख शोधावी. वापरण्याची अंतिम मुदत वर्षभराची असली, तरी त्यावरून चवीचे काहीच कळत नाही. भाजताना बियांत साठलेला कार्बन डायऑक्साइड पुढे कित्येक दिवस बाहेर पडत राहतो. चांगल्या पाकिटावर जे छोटे गोल छिद्र दिसते, ती त्यासाठी केलेली एकमार्गी झडप असते, म्हणजे आतला वायू बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. भाजल्यावर आठवडाभराने ते महिनाभरापर्यंतचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. फ्रिजमध्ये मात्र बिया ठेवू नयेत, कारण त्या ओल धरतात आणि शेजारच्या डब्यातल्या लसणाचा वासही.

कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टा असते. तिच्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते आणि ती अधिक कडू व दाट लागते. चिकमगळूर, कोडगू आणि हासन हे कर्नाटकातले जिल्हे कॉफीसाठी प्रसिद्ध आहेतच, पण आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, हे अनेकांना ठाऊक नसते. व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘प्लांटेशन ए’ म्हणजे फळाचा गर धुऊन काढलेली, ठरावीक आकाराची अरेबिका, आणि ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली बी. पूड तयारच घ्यायची असेल, तर चिकोरीचे प्रमाण आवर्जून वाचावे. चिकोरी हे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफीन नसते, पण रंग आणि दाटपणा भरपूर येतो. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, याचाच अर्थ उरलेला जवळजवळ अर्धा भाग चिकोरीचा असू शकतो.

खरा फरक पडतो तो दळण्याने. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, तोडते. त्यामुळे एकाच भांड्यात काही कण पिठासारखे होतात आणि काही अर्धवट तुटलेले राहतात. गरम पाणी कॉफीतले आम्ल आधी ओढून घेते, मग गोडसर घटक आणि शेवटी कडू. बारीक कणांतून शेवटचा कडूपणाही उतरतो आणि जाड कणांतून जेमतेम आंबटपणा, त्यामुळे एकच कप आंबट आणि कडू असा दोन्ही लागतो. मग माणूस दोष बियांना देतो. हातचक्कीत दोन शंकूंमधले अंतर ठरवून घेता येते, म्हणजे तत्त्व आपल्या जात्याचेच: फट जेवढी, कण तेवढा. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते आधी अशा चक्कीवर करावेत, असे मी कोणालाही सांगेन. मिक्सरवरच भागवायचे असल्यास थांबून थांबून फिरवावे आणि पूड चाळून घ्यावी, म्हणजे निदान मोठे कण वेगळे काढता येतात. फिल्टरसाठी मी बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक दळते. कॉफी आंबट लागली तर आणखी बारीक, कडू लागली तर थोडी जाड, आणि एका वेळी एवढाच एक बदल.

फिल्टरच्या वरच्या भांड्यात २० ग्रॅम पूड घालून ती हलकेच सपाट करते आणि वर दांड्याची चकती ठेवते. चकती दाबायची नाही, कारण पूड घट्ट बसली की डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तासभर उतरत नाही. आधी थोडेसे पाणी घालून अर्धा मिनिट थांबते. ताज्या पुडीतून तेवढ्यात वायूचे बुडबुडे निघतात आणि पूड चकतीला वर उचलू पाहते, शिळी पूड मात्र नुसतीच भिजून बसते. पाकिटावरची तारीख खरी की खोटी, हे इथे समजते. मग एकूण १२० मिलिलिटरपर्यंत पाणी घालून झाकण ठेवले, की पंधरा-वीस मिनिटांत खाली काळेभोर, दाट डिकॉक्शन जमते. बरीच पुस्तके पाणी ९० ते ९६ अंश तापमानाचे असावे, असे सांगतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबले तरी पुरते. (महाबळेश्वरला तेवढेही थांबायला नको.)

पाण्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिले जाते, आणि आमच्याकडे तर त्याचा परिणाम ऋतूप्रमाणे जाणवतो. धरणातून येणारे नळाचे पाणी तसे मऊ असते. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळू लागले, की त्याच बियांची, तेवढ्याच वजनाची कॉफी बेचव आणि खडूसारखी लागते. जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतले आम्ल मारून टाकते, हे त्याचे कारण. उलट आरओ यंत्रातून आलेल्या पाण्यात क्षार फारच कमी उरतात, आणि चव नीट उतरण्यासाठी थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियम तर लागतेच. कॉफीच्या जगात लिटरमागे साधारण १५० मिलिग्रॅम क्षार हे प्रमाण चांगले मानतात. आमच्याकडे उन्हाळ्यात मी आरओचे आणि नळाचे पाणी मिसळून, क्षार मोजायच्या पेनासारख्या मीटरने बघून ते जमवते. घरच्यांना हा चक्रमपणा वाटतो.

दुधाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते म्हशीचे असेल तर डिकॉक्शन जरा जास्त लागते, आणि दूध एकदाच उकळून लगेच वापरावे, कारण पुन्हा पुन्हा उकळलेल्या दुधाला जो आटीव वास येतो, तो कॉफीवर मात करतो. राहिले जायफळ. हलक्या भाजणीच्या अरेबिकात ते अजिबात शोभत नाही, तिचा फळांसारखा आंबटगोडपणा त्याखाली पार झाकला जातो. अर्धी रोबस्टा असलेल्या गडद भाजणीच्या मिश्रणात मात्र चिमूटभर जायफळ छान बसते, आणि आईसाठी मी आता तशीच कॉफी करते. साखर तिला दोन चमचेच लागते.