वयाचा तारा

पौषातल्या अमावास्येच्या जवळचा शनिवार ठरला की आकाशदर्शन मंडळाच्या फळ्यावर यादी लागते: सतरंजी, खाली अंथरायला ताडपत्री, कानटोपी, बॅटरी आणि तिच्या काचेवर बांधायला लाल जिलेटीन कागद. दरवर्षी तीच यादी, तरी मुलं ती नव्यानं उतरवून घेतात.

पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर साडेपाचपर्यंत पोचायचंच, हा जुना नियम. दुर्बीण लावायची ती उजेडात. सहा इंची आरशाची दुर्बीण बसमधून उतरवली की आधी तिची झाकणं उघडून सावलीत ठेवतात, पाऊण तास. गरम आरसा थंड हवेत नेला तर नळीतली हवा हलत राहते आणि तारा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा थरथरतो. तेवढ्यात शोधक-दुर्बीण, म्हणजे मोठीवर बसवलेली छोटी दुर्बीण, जुळवून घ्यायची, दूरच्या एखाद्या विजेच्या खांबाच्या टोकावर, सूर्याकडे पाठ करून. हे काम अंधारावर टाकलं की पुढचा तासभर नुसती शोधाशोध होते आणि रांग कंटाळते. ड्रायव्हरमामा गाडी लावतानाच तिचं तोंड माणसांपासून फिरवून ठेवतात. हे त्यांना आता सांगावं लागत नाही.

मग मोबाइल स्टीलच्या डब्यात जमा होतात आणि अंधार पडतो. या मेळाव्यांतलं सगळ्यांत जपण्यासारखं काही असेल तर ते यापुढचं अर्ध्या तासाचं आडवं पडणं. दुर्बिणीला हात लावायचा नाही, बोलायचं नाही. डोळ्यांतल्या प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याला पुरतं भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. एका पांढऱ्या उजेडानं ते क्षणात उतरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लाल उजेड त्याला सगळ्यांत कमी दुखावतो, म्हणून तो कागद. सुरुवातीला कुजबुज, खोकणं, भडंगाच्या पिशवीची सळसळ. दहा मिनिटांनी ती आपोआप थांबते. डोक्यावरच्या कृत्तिकांत आधी नुसता पुंजका दिसतो, मग पाच तारे, मग सहा. खाली पंचगंगेच्या खोऱ्यात धुकं आणि गुऱ्हाळांचा धूर साचलेला असतो, आग्नेयेला कोल्हापूरचा उजेड. वर मात्र स्वच्छ. दहावीची पोरं सराव परीक्षेचं ओझं घेऊन आलेली असतात, कुणाच्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं. शांतता येते ती इथं, सतरंजीवर. दुर्बिणीपाशी कुतूहल येतं, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

पूर्वी या वेळी कुणीतरी सांगायचं, 'बघा, एवढ्या विश्वात आपण किती क्षुद्र!' ते बंद केलं हे फार बरं झालं. दुःखात असलेल्या माणसाला क्षुद्र म्हणून त्याचं दुःख हलकं होत नाही. त्याऐवजी सुरू झाला वयाचा तारा. ज्याचा प्रकाश आपल्या जन्माच्या आसपास निघाला आणि आत्ता पोचतोय, तो आपला. पौषातलं आकाश यासाठी जणू मुद्दाम मांडलेलं असतं. तिसरीच्या मुलांना व्याध, साडेआठ प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्याचा प्रकाश पोचायला साडेआठ वर्षं लागतात. सहावीला प्रश्वा, साडेअकरा. पुनर्वसूच्या जोडीतला पिवळसर तारा चौतिशीच्या आईबाबांना, पांढरा पन्नाशीच्या बाईंना. ब्रह्महृदय त्रेचाळीस, रोहिणी पासष्ट. एकोणऐंशीची मघा आठ-साडेआठच्या सुमारास उगवते आणि क्षितिजावरच्या धुरकट थरातून वर यायला तिला साडेनऊ वाजतात. आजी तोवर शाल गुंडाळून बसून राहतात. आपण जन्मलो तेव्हा निघालेलं काहीतरी आज आपल्यापाशी येऊन पोचलं, हे नातवाच्या खांद्यावर हात ठेवून बघताना त्यांचा चेहरा अंधारातही कळतो. याच कोल्हापुरात १९३८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्मले. रोहिणीचं वय त्यांनी केव्हाच मागे टाकलं होतं, अखेरच्या वर्षांत मघाच त्यांच्या वयाच्या जवळची होती.

दुर्बिणीची पाळी त्यानंतर. दुर्बिणीच्या १२०० मिलिमीटर नाभीय अंतराला २५ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली की ४८ पट दिसतं आणि आकाशाचा साधारण एक अंश मावतो. पृथ्वी फिरते म्हणून मृगातला तेजोमेघ चार मिनिटांत एका काठाहून दुसऱ्या काठाला जातो. १० मिलिमीटरची नेत्रिका लावायचा मोह होतोच, पण तिच्यात दीड मिनिटात सगळं निसटतं. गर्दीला ती नको. बघताना हात पाठीमागे बांधायचे, कारण नेत्रिका धरली की नळी हलते आणि मागचा माणूस काळं आकाश बघून 'छान दिसलं' म्हणतो. अकरानंतर दव पडतं. काच पुसायची नाही, ओरखडे कायमचे राहतात. काळ्या कार्डशीटची नळी शोधक-दुर्बिणीच्या तोंडावर आधीच चढवली तर तास-दोन तास निभतं.

याच सुमाराला अगस्ती दक्षिणेला सर्वांत उंच येतो. हात लांब करून मूठ वळली की दहा अंश. क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या की तो सापडतो. उत्तरेला ध्रुव दीड-पावणेदोन मुठींवर, कारण आपला अक्षांशच तेवढा. लहान मुलांच्या मुठी लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब जुळतो. दरवर्षी कुणी ना कुणी हे पडताळून बघतं, मोठ्यानं मोजत.

गुळाचा चहा होतो तो लाल उजेडातच. झाकणं लागतात, सतरंज्या झटकल्या जातात. मोबाइलचा डबा मात्र शेवटची सतरंजी गाडीत चढेपर्यंत उघडत नाहीत.