नंबर ड्रोनला नाही, मला मिळाला

आपलं शेत वरून कसं दिसतं ते एकदा बघायचं, ही बाबांची जुनी इच्छा. शेत उमरेडजवळ आणि ड्रोन माझ्याकडे इंग्लंडमध्ये, ब्रायटनला. मध्ये भारताचं कस्टम. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठी सूट, तीही परवानगी काढून. "बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवून दे ना," हा आईचा सल्ला मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी नाही म्हणते.

२०२४ च्या जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर मी त्यांना ड्रोन उडवून दाखवला. पडद्यावर मेंढ्या दिसल्या. बाबा म्हणाले, "चांगलं आहे, पण हे रान आहे बेटा, शेत नाही." पुढे चार दिवस आम्ही गाडीने फ्रान्सला जाणार होतोच. न्यूहेवनहून फेरी बोट निघते आणि चार तासांनी नॉर्मंडीतल्या दिएपला लागते. नॉर्मंडी म्हणजे शेतंच शेतं. ड्रोन बरोबर घेतला.

घेतला खरा, पण माझा गैरसमजही त्याच बॅगेत होता. ब्रिटनमध्ये मी रीतसर नोंदणी केली होती. चाळीस प्रश्नांची परीक्षा दिली होती (तीस बरोबर आले की पास), ऑपरेटर म्हणून दरवर्षी पैसे भरत होते आणि ड्रोनवर 'जीबीआर-ओपी'ने सुरू होणारा नंबर चिकटवला होता, अक्षरं किमान ३ मिलिमीटर उंच हवीत म्हणून पट्टीने मोजून. मला वाटायचं, नियम तर युरोपचेच आहेत, मग चालेल.

नियम खरंच एकाच मुळातले आहेत. युरोपीय संघाचे ड्रोनचे नियम लागू झाले ३१ डिसेंबर २०२० ला. नेमका त्याच दिवशी ब्रिटनचा ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला. म्हणजे ब्रिटनने नियम ठेवून घेतले आणि घर सोडलं. १२० मीटरच्या वर जायचं नाही, ड्रोन नजरेआड होऊ द्यायचा नाही, गर्दीवरून न्यायचा नाही, हे दोन्हीकडे सारखं. पण इकडच्या नोंदणीला तिकडे किंमत शून्य, आणि माझ्या परीक्षेलाही. हे मला कळलं ते निघायच्या तीन दिवस आधी, रात्री साडेदहाला, इस्त्री करता करता.

दुसरा गैरसमज वजनाचा. माझा ड्रोन छोटा, बॅटरीसकट २५० ग्रॅमच्या आत. त्यामुळे युरोपात परीक्षेतून सुटका होते हे खरं. नोंदणीतून होत नाही, कारण त्याला कॅमेरा आहे. खेळणं म्हणून विकलेला नसेल आणि कॅमेरा असेल, तर वजन कितीही कमी असो, उडवणाऱ्याची नोंदणी हवीच. थोडा विचार केला तर हे पटतं. हवेतून डोक्यात पडणाऱ्या वस्तूची भीती वजनावर ठरते, शेजारणीच्या अंगणात डोकावणाऱ्या वस्तूची नाही.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्याने ज्या देशात पहिल्यांदा उडवणार त्या देशात नोंदणी करायची. नंबर एकदा मिळाला की तो संघाचे २७ देश आणि शिवाय नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड, लिक्टेनस्टाइन इथे चालतो. दोन देशांत दोनदा नोंदणी करायची नाही, ते नियमात बसत नाही. आम्ही फ्रान्सला जाणार, म्हणून फ्रान्स. तिथल्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या पोर्टलचं नाव 'आल्फाटँगो'. पैसे लागत नाहीत. एवढं वाचून मी इस्त्री बंद केली आणि लॅपटॉप उघडला.

पहिल्याच पानावर अडले. मी कोण, ते सांगायचं होतं. ड्रोन हातात धरणारा तो 'तेलेपिलोत', हे कळलं. पण ज्याच्या नावावर नोंदणी होते त्याला फ्रेंचमध्ये 'एक्सप्लोआताँ' म्हणतात. इंग्रजीच्या सवयीने मला वाटलं, मी शोषण करणारी आहे असं लिहून देतेय. बाबा शेजारी बसून बघत होते. त्यांना अर्थ सांगितला तर म्हणाले, "लिहून दे, सरकारले खरंच सांगावं."

मग नाव. माझ्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात माझं आणि बाबांचं अशी दोन्ही नावं एकत्र आहेत. बऱ्याच मराठी माणसांची असतात, आणि परदेशातला प्रत्येक फॉर्म आपल्याला बापाच्या नावाने हाक मारतो याची मला सवय आहे. मी पासपोर्टप्रमाणे जसंच्या तसं टाकलं. जन्मतारखेच्या रकान्यात 'जेजे' आणि 'आआआआ' अशी अक्षरं होती. ते दिवस आणि वर्ष, फ्रेंचमध्ये. पुष्टीचा मेल स्पॅममध्ये सापडला. त्यानंतर मात्र काम भराभर झालं आणि झोपायच्या आत 'एफआरए'ने सुरू होणारा नंबर माझ्याकडे होता.

आणि तेव्हा नीट डोक्यात शिरलं की हा नंबर ड्रोनचा नाहीच. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार प्रत्येक ड्रोनला स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो, गाडीला मिळतो तसा. इथे छोट्या ड्रोनची कोणी विचारपूस करत नाही. नोंद माणसाची होते. माझ्याकडे उद्या तीन ड्रोन झाले तरी तिन्हींवर हाच नंबर.

या नंबराची एक गंमत आहे, जिच्यात मी फसले. मोठ्या नंबराच्या शेवटी एक छोटी आडवी रेघ असते आणि तिच्यापुढे तीन अक्षरं. ती गुप्त. एटीएमच्या पिनसारखी आपल्यापुरती ठेवायची, आपला नंबर दुसऱ्या कोणी स्वतःच्या ड्रोनमध्ये भरू नये म्हणून. ड्रोनवर चिकटवायचा तो रेघेच्या आधीचा भाग. मी उत्साहाने सगळं छापलं, शेपटीसकट, आणि वर पारदर्शक टेप लावली. दुसऱ्या दिवशी नियम वाचताना जीभ चावली. टेप सोलताना ब्रिटनचा नंबरही निघून आला. तोही परत छापला.

विम्याचं थोडक्यात सांगते. देशागणिक वेगळं आहे. जर्मनीत ड्रोन कितीही छोटा असला तरी तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. नंबर एक असला तरी विमा त्या त्या देशाप्रमाणे बघावा लागतो. मी घराच्या विम्यावाल्यांना फोन केला, वीस मिनिटं संगीत ऐकलं, शेवटी वेगळा छोटा विमा काढला.

खरा वेळ गेला तो नकाशात. नोंदणीला एक संध्याकाळ लागली असेल, तर कुठे उडवता येईल हे शोधायला दोन. फ्रान्सचा सरकारी नकाशा तेव्हा 'जेओपोर्ताय' या संकेतस्थळावर होता. त्यात ड्रोनच्या निर्बंधांचा थर चालू केला की देश गोवर आल्यासारखा दिसायचा. लाल म्हणजे बंदी. बाकीच्या रंगांत ३०, ५०, ६०, १०० मीटर अशी उंचीची मर्यादा. रंग नाही तिथे १२०.

माझ्या मनात होते ते दिएपच्या आजूबाजूचे पांढरे खडूचे कडे. नकाशा मोठा केला. शहराच्या एका अंगाला पाँलीचं अणुऊर्जा केंद्र, दुसऱ्या अंगाला किनाऱ्यानेच पुढे पालुएलचं, तिथे तर चार अणुभट्ट्या. समुद्राचं पाणी थंड करायला लागतं म्हणून ही केंद्रं कड्यांच्या पायथ्याशी. दोन्हींभोवती लाल. शिवाय दिएपचा छोटा विमानतळ. ड्रोनच्या स्वतःच्या अ‍ॅपमधला नकाशा मात्र यातल्या बऱ्याच जागी गप्प होता. अ‍ॅप अडवत नाही म्हणजे चालतं, असं समजू नका. शेवटी दंड भरायचा तो नकाशा बनवणाऱ्याने नाही.

तिसरी गोष्ट नकाशात नव्हती, नियमात होती. फ्रान्समध्ये वस्तीतल्या सार्वजनिक जागेवरून, म्हणजे रस्ते, चौक, बागा यांच्यावरून, हौशी माणसाला ड्रोन नेता येत नाही. आम्ही राहणार होतो वल-ले-रोज गावाजवळ. तिथे फ्रान्समधली समुद्राला मिळणारी सगळ्यात छोटी नदी आहे, वल नावाची, लांबी सुमारे १.१ किलोमीटर. उगमापासून मुखापर्यंत एका दमात उडवायची, असा माझा बेत होता. नदी गावाच्या मधून वाहते. बेत रद्द. आम्ही ती पायी चाललो, आईच्या गुडघ्यांच्या वेगाने, अर्ध्या तासात. "नर्मदा परिक्रमेला लोकं तीन वर्षं देतात," आई म्हणाली, "आपली झाली बापा जेवणाच्या आधी."

उरलं ते आमच्या भाड्याच्या घरामागचं शेत. वस्तीबाहेर, नकाशावर बिनरंगाचं. नियमाने कदाचित विचारायचीही गरज नसेल, पण शेतावर दुसऱ्याचं यंत्र फिरलेलं कुठल्या शेतकऱ्याला आवडेल? घरमालकीण बाईंना मी फोनवरच्या भाषांतराने विचारलं. त्यांनी शेजाऱ्याला फोन लावला. तो स्वतःच आला, ड्रोन हातात घेऊन तोलून बघितला, हसला आणि म्हणाला, सकाळी उडवा, दुपारनंतर काही दिसणार नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला बाहेर आलो तर शेत निळं. आदल्या संध्याकाळी हिरवंगार होतं, आता फिकट निळं, वाऱ्याने हलणारं. मी नुसती बघत राहिले. बाबा बांधावर गेले, एक रोप हातात धरलं, पाकळी चुरली.

"हे तं जवस आहे!"

"काहीतरीच," आई म्हणाली. "जवस एवढं उंच असते का?" रोपं तिच्या कमरेला लागत होती. आमच्याकडचं जेमतेम गुडघ्यापर्यंत.

पण जवसच होतं. नॉर्मंडीचा हा पट्टा त्याच्यासाठीच प्रसिद्ध. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत गळतं.

ड्रोन वर गेला. नियम असा की उडवणाऱ्याची नजर ड्रोनवर हवी, पडद्यावर नाही. म्हणून मी आकाशात बघत होते आणि शेत पहिल्यांदा पाहिलं ते बाबांनी. मी विचारलं, "दिसतंय का?" ते बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "उजवीकडे ने. तिकडे पेरणी विरळ झाली आहे." मग, "त्या कोपऱ्यात पाणी साचते यांच्या." सत्तर मीटरवरून ते परक्याच्या शेताची पाहणी करत होते. समुद्राकडून वारा वाढला, अ‍ॅप ओरडायला लागलं आणि अकरा मिनिटांत मी ड्रोन खाली घेतला.

दुपारी बघितलं तर शेत पुन्हा हिरवं.

बाबांनी व्हिडिओ उमरेडला काकांना पाठवला. रात्री काकांचा फोन आला. कोणता देश, किती उंचीवरून, परवानगी कशी काढली, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. "तेल किती निघते म्हणते तो?" बाबांनी सांगितलं की तो तेलासाठी लावतच नाही, धाग्यासाठी लावतो, त्याचं कापड होतं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"म्हणजे चटणी करतच नाहीत?"