अदिस अबाबाची सहा वर्षं: काय ऐकायचं, कसं ऐकायचं

इथिओपियन जॅझची ओळख बहुतेकांना मुलातू अस्तात्के यांच्यामुळे होते, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. जिम जारमुश यांच्या 'ब्रोकन फ्लॉवर्स' या २००५ च्या चित्रपटात त्यांचं संगीत वापरलं गेलं आणि जगभर नवे श्रोते तयार झाले. मुलातू थोरच आहेत, त्यात वाद नाही. पण १९६९ ते १९७५ या काळात अदिस अबाबात जे घडलं, त्याचा गाभा गाण्यांत आहे. गायक, त्यांच्यामागे ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारख्या फुंकवाद्यांचा ताफा, इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गन. त्याला सरसकट जॅझ म्हटलं की ऐकणारा वाद्यसंगीत शोधत राहतो आणि महमूद अहमद, तिलाहुन गेसेसे, अलेमायेहू एशेते यांच्यासारखे आवाज हातचे निसटतात.

हा ब्रासचा ताफा आला कुठून? सैन्यातून. सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत शाही अंगरक्षक दल, लष्कर, पोलीस या प्रत्येकाचा स्वतःचा वाद्यवृंद होता. तिलाहुन आणि महमूद अंगरक्षक दलाच्या वाद्यवृंदात गात, अलेमायेहू पोलिसांच्या. या वादकांना घडवण्यात नेर्सेस नाल्बांदियान या आर्मेनियन संगीतकारांचा वाटा मोठा. म्हणूनच या गाण्यांत सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट इतक्या शिस्तीत एकत्र येतात. सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गायनशैलीचा प्रभाव त्यावर नंतर चढला.

तबकड्या काढण्याचा मक्ता मात्र हागेर फिकिर या सरकारी आश्रयाच्या संस्थेकडे होता आणि ती नव्या गाण्यांच्या बाबतीत ढिम्म होती. १९६९ मध्ये अम्हा एशेते या तरुण दुकानदाराने तो मक्ता धुडकावून 'अम्हा रेकॉर्ड्स' सुरू केली. पहिली तबकडी अलेमायेहू यांची, संगीत संयोजन गिर्मा बेयेने यांचं, आणि ती छापून घेतली होती भारतात. (अम्हा आणि अलेमायेहू या दोघांच्या नावात एशेते आहे म्हणून ते भाऊ समजू नका. इथिओपियात आडनाव नसतं, दुसरं नाव वडिलांचं. त्यामुळे यादीत शोधतानाही पहिल्या नावाने शोधा.) पुढच्या पाच-सहा वर्षांत अम्हांनी शंभराच्या आसपास छोट्या तबकड्या आणि डझनभर एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, काढल्या. मग अली अब्देला कैफा यांची 'कैफा रेकॉर्ड्स' आली. महमूद यांची 'एरे मेला मेला' ही १९७५ ची एलपी त्यांचीच.

आता ऐकण्याकडे वळू. इथे शास्त्रीय संगीत ऐकलेल्या मराठी कानाला मोठा फायदा आहे, आणि एक धोकाही. या संगीताचा पाया चार मुख्य स्वरमालांवर आहे. त्यांना किन्यित म्हणतात, आणि प्रत्येकीत पाचच स्वर. पेटी पुढ्यात घ्या, पांढरी एकला सा धरा आणि वाजवून बघा.

तिझिता: सा रे ग प ध, सगळे शुद्ध, म्हणजे भूपाचे स्वर. हिचाच दुसरा प्रकार ग आणि ध कोमल करून होतो. बाती: सा ग म प नी शुद्ध घेतले की तिलंगाचा आरोह; ग आणि नी कोमल केले की धानी. अंबासेल: सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे गुणकलीचे स्वर. चौथी अंचिहोये: सा, कोमल रे, शुद्ध म, तीव्र म, शुद्ध ध. तिच्यात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम लागून येतात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना गायक बेसूर झाला की काय असं वाटतं. तसं नसतं. अंचिहोये तानपुऱ्यावर तपासायची असेल तर पहिली तार पंचमात ठेवू नका, मध्यमात लावा, नाहीतर तीव्र मध्यम पंचमाशी सतत घासत राहील.

धोका असा. सा चुकला की सगळं चुकतं. कोमल ग-ध वाल्या तिझितेत पंचमाला सा माना, तेच पाच स्वर अंबासेल होतात. शुद्ध तिझितेत धैवताला सा माना, बाती मिळते, धानीच्या स्वरांची. मूर्च्छनेचाच, म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलण्याचा हा हिशोब. म्हणून आधी स्वर ओळखायला धावू नका. गायक ओळ संपवताना कुठे विसावतो आणि त्याच वेळी बास गिटार कुठे उतरते, ते दोन-तीन कडव्यांत पाहा. दोघं एकाच स्वरावर आले की तो सा. दुसरी चूक स्वभावाची. भूपाचे स्वर दिसले म्हणून भूपाची मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) आणि न्यास (ठरावीक स्वरावर विसावणं) शोधू नका. इथे स्वर थरथरवत, छोट्या झपाट्याच्या हरकतींनी गातात. राग तिथे नाहीच.

पेटीवर स्वर जुळेनात, तर दोष बहुधा तुमचा नसतो. नेटवरची बरीच जुनी गाणी कॅसेटवरून चढवलेली आहेत, आणि टेपची गती थोडी जरी कमी-जास्त असली तरी सा पांढरी एक आणि काळी एकच्या मध्ये कुठेतरी पडतो. तानपुऱ्याचं ॲप घ्या, त्यातला बारीक सुरावट बदलायचा पर्याय वापरून आधी तानपुरा गाण्याला मिळवा, मग स्वर शोधा.

लयीत सहाचा घाट वारंवार भेटेल. दादऱ्यासारखे तीन-तीनचे दोन भाग मोजत असाल तर एकदा तेच सहा दोन-दोनच्या तीन भागांत मोजा. दोन्ही मोजण्या एकाच वेळी चालू असल्यासारखं वाटणं, हीच त्या ठेक्याची गंमत.

मुलातूंचं वेगळेपण हे सगळं कानात बसल्यावर नीट कळतं. जिम्मा इथे १९४३ साली जन्म, शिक्षण वेल्स, लंडन आणि मग बॉस्टनच्या बर्कलीत. व्हायब्राफोन आणि कोंगा ही त्यांची वाद्यं. न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली त्यांनी लॅटिन ढंगाच्या दोन एलपी केल्या, १९७२ मध्ये 'मुलातू ऑफ इथिओपिया'. पाच स्वरांच्या धुनेखाली पाश्चात्त्य जॅझची बारा स्वरांची हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, घालायची, हा त्यांचा प्रयोग. अवघड अशासाठी की हार्मनी जड झाली की किन्यितचा चेहराच पुसला जातो. त्यांच्या चांगल्या रचनांत धून उघडी राहते आणि हार्मनी खालून फक्त रंग भरते. 'एथिओ-जॅझ' हे नाव खरं तर या कामाचं.

ऐकायला सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे फ्रान्सिस फाल्सेतो यांनी पॅरिसच्या बुदा म्युझिकसाठी संपादित केलेली 'एथिओपिक्स' मालिका. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती सुरू झाली आणि तिचे खंड तीसच्या आसपास आहेत. क्रमाने ऐकू नका, खंडांचे विषय वेगवेगळे आहेत. पहिला आणि तिसरा खंड १९६९ ते ७५ मधल्या गाण्यांचे, सुरुवात तिथून. मग सातवा, महमूद यांचा 'एरे मेला मेला'. नववा अलेमायेहू यांचा, सतरावा तिलाहुन यांचा. मुलातूंचा चौथा खंड त्यानंतर घ्या, दुप्पट आवडेल. दहाव्यात वेगवेगळ्या गायकांच्या तिझिता आहेत, म्हणजे त्या स्वरमालेच्याच नावाची आठवणींची गाणी. वर दिलेला अभ्यास करायला हाच घ्या: प्रत्येक गाण्यात गंधार शुद्ध की कोमल, एवढंच आधी ठरवा.

चौदावा खंड गेताचेव मेकुरिया यांचा. शेलेला म्हणजे योद्ध्यांची आव्हानाची ललकारी, ती त्यांनी सॅक्सोफोनवर आणली. मोठ्या आवाजात ऐकावा असा खंड. अकराव्यात अलेमु आगा यांची बेगेना आहे, दहा तारांचं धीरगंभीर वाद्य. तारेखाली चामड्याचा तुकडा सरकवून तिचा झंकार काढतात; आपल्याकडे जवारीत दोरा घालतात त्याच हेतूने. सोल-फंकशी तिचा संबंध नाही, तरी हा खंड चुकवू नये.

१९७४ मध्ये सम्राट पदच्युत झाले, देर्ग या लष्करी मंडळाची सत्ता आली आणि रात्रीची संचारबंदी लागली. अम्हा १९७५ मध्ये अमेरिकेत गेले. संगीत थांबलं नाही, ते हॉटेलांत आणि कॅसेटवर गेलं. संचारबंदीमुळे रात्री बाहेर पडता येत नसे, म्हणून श्रोते पहाटेपर्यंत आतच बसत आणि बँड वाजवत राहत. हिल्टनमध्ये वाजवणाऱ्या वालियास बँडची 'चे बेलेव' ही १९७७ ची एलपी याच काळातली. तिच्यातलं 'मुझिकावी सिल्त' ऐका, ऑर्गनवर हैलू मेर्गिया. हा बँड १९८१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि हैलूंसह काही जण तिथेच राहिले. वॉशिंग्टनमध्ये हैलू टॅक्सी चालवत. १९८५ मध्ये ॲकॉर्डियन, इलेक्ट्रिक पियानो आणि ड्रम मशीन घेऊन त्यांनी एकट्याने एक कॅसेट केली. ती २०१३ मध्ये पुन्हा निघाली आणि ते परत मंचावर आले.

विकत घेणार असाल तर दोन गोष्टी. मूळ छोट्या तबकड्या महाग असतात आणि बहुतेक झिजलेल्या. संग्रहाची हौस नसेल तर पुनर्प्रकाशित प्रतच घ्या, आणि आवरणावर मूळ कंपनी, वर्ष व वादकांची नावं आहेत का ते बघा. हा तपशील गाळलेली प्रत बहुधा परवानगीविना काढलेली असते आणि कलाकाराला तिच्यातून काही मिळत नाही. दुसरं, वर्षांचा घोळ. इथिओपियन कालगणना आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षं मागे आहे, त्यामुळे मूळ नोंदीत १९६४ दिसलं तर ते १९७१ किंवा १९७२ असू शकतं. सप्टेंबरमध्ये त्यांचं नवं वर्ष लागतं, तिथून डिसेंबरअखेरपर्यंत सात मिळवा, पुढे आठ.