पेटीदुरुस्तीचं दुकान: आमची वाटचाल

ग्वाल्हेरात, लष्कर भागात, आमचं पेटीदुरुस्तीचं, म्हणजे हार्मोनियम दुरुस्तीचं, छोटं दुकान आहे. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे तुमच्या घरातच होतं का?" होतं. वडील नोकरी सांभाळून ओळखीच्यांच्या पेट्या सुरात लावून द्यायचे. मी शेजारी बसून सूर, म्हणजे पेटीतल्या वाजणाऱ्या पितळी जिभा, पुसायचे, भात्याच्या घड्यांना सरस लावायचे. पण घरात विद्या असणं आणि तिच्यावर दुकान उभं करणं यांच्यामध्ये माझी बरीच वर्षं गेली. ती कशात गेली, हे सांगायलाच हवं.

मी एका खासगी शाळेत हिशेब बघत होते. दुकानाचं मनात होतंच. पण जागा नाही, भांडवल नाही, मुलं लहान, सासूबाईंची तब्येत आणि सगळ्यांवर कडी म्हणजे "बाईकडे पेटी कोण आणून देणार?" यातली एकही गोष्ट खोटी नव्हती, म्हणूनच त्या एवढ्या टिकल्या. खोटी सबब चार दिवसांत उघडी पडते. खऱ्या अडचणीची सबब झाली की घरातलं कुणी तिला हरकत घेत नाही.

मग वडिलांचा हात थरथरायला लागला. सूर लावण्याचं काम सगळं हातावर असतं. पितळेची बारीक जीभ टोकाकडे खरवडली की सूर चढतो, रिव्हेटपाशी खरवडली की उतरतो. खरवडून गेलेलं पितळ काही परत येत नाही, म्हणून एक-दोन हलके ओरखडे काढायचे, सूर जागेवर बसवायचा, भाता मारायचा आणि ऐकायचं. बोटांच्या उबेनंसुद्धा सूर किंचित उतरतो, तेव्हा थोडं थांबून पुन्हा ऐकायचं. थरथरत्या हाताचं हे काम नव्हे. बाबांनी कानस माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "ही पेटी उद्या न्यायला येणार आहेत." विचार करायला त्यांनी मला वेळच ठेवला नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

ती पेटी गेली आणि मी ओसरीवर टेबल टाकलं. शाळेतून आल्यावर रोज संध्याकाळी जेवढं होईल तेवढंच काम. भांडवल म्हणाल तर कानस, चिमटा, सरस, पट्ट्यांखाली लावायचा नमदा आणि भात्याचं कातडं. जागेचा प्रश्न ओसरीनं सोडवला. सासूबाई तिथेच खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारायच्या. मुलं अभ्यासाला शेजारी बसायची.

बाईकडे पेटी आणून दिली ती बायकांनीच. लष्कर भागातल्या भजनी मंडळाच्या पेट्या पहिल्यांदा आल्या, आणि त्यांची शिफारस सगळ्या आळीत फिरली. मागून संगीत शिकणारी मुलं यायला लागली. या गावात 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी संगीताचं विद्यालय काढलं, 1918 साली भातखंड्यांनी माधव संगीत महाविद्यालय उभं केलं, आणि पेटीला मैफलीत मान मिळवून देणारे भैयासाहेब गणपतराव तर इथल्या शिंद्यांच्याच घरातले. इथलं गिऱ्हाईक कानाचं पक्कं आहे. एखादा सूर केसभर चढा राहिला तरी काका लोक पेटी परत आणून ठेवतात. मला ते आवडतं. अशा गिऱ्हाइकामुळेच हात तयार झाला.

कर्जाची गोष्टही तशीच. तारण नाही म्हणून मी बँकेची पायरीच चढले नव्हते. खरं तर सरकारच्या मुद्रा योजनेत 2015 पासून शिशु, म्हणजे सगळ्यांत लहान कर्जाच्या, गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. 2020 पासून लहान उद्योगांची उद्यम नोंदणी आधारवर, ऑनलाइन आणि फुकट होते. ती एका दुपारी झाली. कर्जासाठी मात्र हेलपाटे घालावे लागले, कागद पुन्हा पुन्हा द्यावे लागले. पण हेलपाटा घातला की पुढचा कागद कोणता ते कळतं, घरी बसून ते कळत नाही. त्या पैशातून रस्त्यावरचा गाळा भाड्यानं घेतला, आणि सुरांचे संच गुजरातेतल्या पालिताण्याहून मागवायला लागले.

इथल्या हवेनं आम्हाला वर्षभर काम पुरवलंय. मे महिन्यात लू, म्हणजे उन्हाळी गरम वारा, चालली की लाकूड आटतं, सांध्यांतून हवा निसटते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. गणपतीच्या आधी आणि डिसेंबरात तानसेन समारोहाच्या, म्हणजे इथल्या संगीत महोत्सवाच्या, सुमारास तर जेवायला फुरसत नसते.

काम शिकायचंय म्हणून मुली येतात. "ताई, परीक्षा झाल्यावर येते," "लग्नाचं ठरतंय, ते झालं की बघू," असं म्हणतात. मी वाद घालत नाही. मोडक्या पेटीतला एक सूर काढून हातात देते आणि म्हणते, "आलीच आहेस तर एवढा साफ करून जा." काही जणी परत येत नाहीत. एक मात्र दुसऱ्या दिवशी आली, आणि आज भात्याचं सगळं काम तीच बघते.

आता आम्ही स्वतःची नवीन पेटी बनवायला घेतली आहे. सागवान आणलंय, भाता तयार आहे, पट्ट्यांचं काम चालू आहे. गणपतीच्या आधी ती भजनी मंडळाला द्यायचं ठरलंय, आणि मंडळाकडून आगाऊ रक्कमही घेतली आहे.