साठ अंशांची चूक

मँचेस्टरमध्ये मुलाच्या प्राथमिक शाळेत दर बुधवारी शाळा सुटल्यावर प्रोग्रॅमिंगचा वर्ग भरतो आणि तिथे मी मदतीला जाते. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात सप्टेंबर 2014 पासून हा विषय वयाच्या पाचव्या वर्षापासूनच आहे. आमच्या वर्गाचा सगळा भर 'स्क्रॅच'वर असतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केलेले हे मोफत सॉफ्टवेअर 2007 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात आज्ञा टंकायच्या नसतात, तर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात, आणि जिथे जो ठोकळा शोभत नाही तिथे तो बसतच नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या ज्या क्लासमध्ये मी 'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले, तिथे निम्मा तास आज्ञेच्या शेवटी राहून गेलेला अर्धविराम शोधण्यात जाई. विचार चुकला आहे की नाही, इथपर्यंत आम्ही क्वचितच पोहोचत असू.

यंदा दिवाळीला ठाण्याला आले, तेव्हा सातवीतल्या भाचीला स्क्रॅचमध्ये रांगोळी काढायची होती. पहिलाच त्रिकोण बिघडला. 'तीन वेळा: 100 पावले पुढे जा, 60 अंश वळा' अशी तिची रचना होती आणि पडद्यावर उमटला अर्धा षटकोन.

"आत्या, त्रिकोणाचा कोन साठचाच असतो ना?"

दादा उत्तर सांगणार, एवढ्यात मी त्याला खुणेने गप्प केले आणि तिला फरशीवर त्रिकोणात चालायला लावले. दुसऱ्या कोपऱ्यावर ती थबकली, जवळजवळ मागे फिरावे इतकी वळली, आणि म्हणाली, "मी वळते तो कोन बाहेरचा आहे! एकशे वीस!"

गणितज्ञ सिमोर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांसह 1967 मध्ये 'लोगो' ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली; तिच्यातल्या, आज्ञेप्रमाणे चालत रेघ काढणाऱ्या कासवामागची कल्पना नेमकी हीच होती, की मुलाने कासवाच्या जागी स्वतःला ठेवून भूमिती समजून घ्यावी. माझ्या वर्गात मात्र छापील कागदावरून ठोकळे जसेच्या तसे उतरवणारी मुलेही पुष्कळ असतात (आणि शिक्षकांना तीच सोयीची वाटतात), म्हणून सारे श्रेय सॉफ्टवेअरला देववत नाही.

भाचीने तो त्रिकोण सहा वेळा फिरवायचे ठरवले आणि प्रत्येक त्रिकोणानंतर किती वळायचे, याचा हिशेब बोटांवर केला. उत्तर साठ आले. मघाशी काढून टाकलेला आकडा तिने नव्या ठोकळ्यात भरला, रचना सुरू करणारा हिरवा झेंडा दाबला, आणि सहा पाकळ्यांचा षटकोन पुरा झाल्यावर फराळाचे ताट घेऊन आलेल्या आईला आधी तो बघायला बसवले.