तुम्हाला कशाला हवंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘मराठीतलं सगळं वाचून संपलं का, की इंडोनेशियाच्या कादंबऱ्या घेऊन बसलीस?’ लग्नाच्या पंगतीत, वाचनालयात, घरातसुद्धा हेच. मराठी सुटलेलं नाही माझं. पण याचं जे उत्तर मी वर्षानुवर्षं दिलं, ते खरं नव्हतं.

‘भाषा जवळची वाटते,’ असं मी सांगत असे. प्रामुद्या अनंता तूर यांच्या १९८०च्या कादंबरीचं नावच ‘बुमी मानुसिया’. भूमी, मनुष्य. बुरू बेटावर कैदेत, लिहायला कागद नसताना, ती त्यांनी आधी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. पण मला कुठे येते ती भाषा? मी इंग्रजीतून वाचते. लेखक एका कुर्नियावान यांची २००२ची कादंबरी माझ्यापर्यंत आली ती ॲनी टकर यांच्या २०१५च्या अनुवादामुळे. २१ वर्षांपूर्वी मेलेली देवी आयू थडग्यातून उठून घरी येते आणि मारल्या गेलेल्या कम्युनिस्टांची भुतं गावाला सोडत नाहीत. रात्र जागून वाचली. इंडोनेशियात १९६५-६६मध्ये झालेल्या कम्युनिस्टांच्या त्या कत्तलीत किमान पाच लाख माणसं गेली असं मानतात. मला तोवर पत्ताही नव्हता.

तेव्हा आमच्या पुण्यातल्या घरात वरच्या खोलीत पूर्व जावाची एक विद्यार्थिनी भाड्याने राहायची. एका रविवारी ती माझ्या पाट्यावर सांबालसाठी, म्हणजे त्यांच्याकडच्या तिखट चटणीसाठी, मिरच्या वाटत होती. मी नुकतीच कादंबरी संपवलेली. उत्साहात विचारलं, ‘तुमच्या घरातलं कोणी गेलं होतं का गं त्यात?’ वरवंटा थांबला.

‘बलुम,’ ती म्हणाली. म्हणजे ‘अजून नाही’. मला कळेना. मग तिनेच सांगितलं, की आजोबांचा फोटो घरात नाही आणि आजी त्यांचं नाव घेत नाही. ‘काय झालं ते आजी अजून बोललेली नाही.’ लाल झालेले हात तिने तसेच धरून ठेवले होते. ‘काकू, तुम्हाला हे कशाला हवंय?’

मी म्हटलं, कादंबरी फार सुंदर आहे. हे वाक्य मला आजही ऐकू येतं. ती पुन्हा वाटायला लागली, आणि त्या दिवशी तिने मला सांबाल दिलं नाही.

वाचणं हा काही गुन्हा नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आत्ताही म्हणते. हुकूमशहा सुहार्तो सत्तेवर असेपर्यंत, १९९८पर्यंत, जे तिथे मोकळेपणी लिहिता येत नव्हतं, ते तिथले लेखक आता लिहितायत, तर कोणीतरी वाचायला हवंच. पण भुतं वाचताना मला मजा आली होती, तेही खरं.

सध्या लैला चुदोरी यांची ‘पुलांग’ दुसऱ्यांदा वाचतेय. पुलांग म्हणजे घरी परतणं. त्यातला माणूस पॅरिसमध्ये अडकलाय, मायदेशी जाता येत नाही, म्हणून घरात बरण्यांत लवंगा आणि हळद भरून ठेवतो. त्या पानावर मी दर वेळी थांबते. वरच्या खोलीतली ती मुलगी शिक्षण संपवून कधीच परत गेलीय. आजी बोलली का, हे विचारायला मी अनेकदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.